इंच, सूत आणि मिलिमीटर : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही कार्यशाळेतील मोजमापांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच अडचणीकडे आहे : ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये येते, हातातले हत्यार किंवा यंत्र इंचाचे असते आणि तोंडी व्यवहार मात्र सुतात चालतो. त्यातील काही पत्रे संक्षेपाने देऊन त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वाचताना एक भेद ध्यानात असू द्यावा. आपण ज्याला माप समजतो त्यातील काही आकडे खरोखर माप असतात आणि काही निव्वळ नाव असतात. मापाचे रूपांतर करता येते. नावाचे रूपांतर करायला गेले की काम बिघडते.

प्रश्न : मी फर्निचरचे काम करतो. आर्किटेक्टकडून येणारी ड्रॉइंगे मिलिमीटरमध्ये असतात, पण माझे आणि माझ्या कारागिरांचे हिशेब इंच-सुतात चालतात. मिलिमीटरचे सूत करण्याची खात्रीची रीत कोणती? (सावंतवाडी)

उत्तर : सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एक इंच बरोबर २५.४ मिमी असल्यामुळे एक सूत ३.१७५ मिमी होतो. दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ मिमी, चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी, सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९.०५ मिमी. रीत अशी आहे की मिलिमीटरच्या आकड्याला २५.४ ने भागावे, दशांशचिन्हाच्या आधीचा भाग इंच म्हणून लिहून ठेवावा आणि उरलेल्या दशांशाला ८ ने गुणावे, म्हणजे सूत मिळतात.

स्वयंपाकघरातील कपाटाची ६०० मिमी ही रुंदी घ्या. भागाकार २३.६२२ येतो. उरलेल्या ०.६२२ ला ८ ने गुणल्यावर ४.९८ मिळतात, म्हणजे पाच सूत. तेवीस इंच पाच सूत हे माप प्रत्यक्षात ६००.०७५ मिमी भरते आणि हा फरक पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीपेक्षाही कमी आहे. प्रत्येक आकडा मात्र असा सरळ वागत नाही. दरवाजाच्या २१०० मिमी उंचीचा भागाकार ८२.६७७ येतो आणि सूत ५.४२ निघतात. येथे पाच सूत धरले तर दरवाजा १.३ मिमी आखूड होतो, आणि साडेपाच सूत धरले तर तो पाव मिलिमीटरने मोठा राहतो, जो रंध्याच्या एका हाताने निघून जातो. म्हणून येथे साडेपाच सूत घ्यावेत.

जवळच्या पूर्ण सुतावर माप आणले तर चूक जास्तीत जास्त १.५९ मिमी होऊ शकते, अर्ध्या सुतावर आणले तर ०.७९ मिमी आणि पाव सुतावर आणले तर ०.४ मिमी. चौकटीच्या कामाला अर्धा सूत पुरतो, ड्रॉवरला तो पुरत नाही. ड्रॉवरच्या बाजूला बसणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूस १२.७ मिमी जागा लागते, म्हणजे ड्रॉवरचा डबा कपाटाच्या आतील रुंदीपेक्षा बरोबर एक इंचाने कमी असावा लागतो. कोणी सोयीसाठी तो २५ मिमीने कमी केला, तर ०.४ मिमीची ओढ पडून चॅनेल जड चालते, आणि गिऱ्हाईक दोष चॅनेलला देते.

तोंडी पडताळणीसाठी दुसरी एक रीत उपयोगी पडते. मिलिमीटरला ४ ने गुणून १०० ने भागावे आणि आलेल्या उत्तरातून शेकडा १.६ वजा करावेत. ६०० चे २४ होतात, त्यातून ०.३८४ गेले की २३.६१६ उरतात. हे उत्तर खऱ्या उत्तराच्या इतके जवळ असते की कागदावरचा भागाकार चुकला असेल तर लगेच लक्षात येते. कटिंगसाठी मात्र हा आकडा वापरू नये.

आता नावाविषयी. ६०० मिमीच्या कपाटाला कारागीर ‘दोन फुटी’ म्हणतात. बोलायला हरकत नाही, पण दोन फूट ६०९.६ मिमी असतात. अशी चार कपाटे ओळीने बसवायची असतील आणि प्रत्येक कपाट खरोखरच दोन फुटांचे कापले गेले असेल, तर ओळ ३८.४ मिमीने, म्हणजे तब्बल दीड इंचाने वाढते आणि शेवटचे कपाट भिंतीत जात नाही. प्लायवुडचेही तसेच आहे. ‘आठ बाय चार’ हा शीट २४४० बाय १२२० मिमीचा असतो, म्हणजे आठ फुटांपेक्षा १.६ मिमीने लांब आणि चार फुटांपेक्षा ०.८ मिमीने रुंद. जाडीला ‘सहा सूत’ म्हटले तरी वर छापलेला आकडा १९ मिमी असतो आणि हातात आलेल्या शीटची जाडी त्याहूनही थोडी इकडे-तिकडे असू शकते. खोबण मारण्यापूर्वी तोच शीट व्हर्निअरने मोजावा आणि खोबण त्या मापाची करावी. सहा सुतांचे बिट आहे म्हणून खोबण सहा सुतांची करू नये.

एवढे सांगितल्यावर माझे स्पष्ट मतही मांडतो. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर काम मिलिमीटरमध्येच करावे. बाजारातील बहुतेक टेपांवर दोन्ही बाजूंनी खुणा असतात. कारागिरांना खालची बाजू वाचायची सवय लावायला एक आठवडा लागतो, आणि त्या आठवड्यात जो वेळ जातो तो पुढच्या एकाच कामात भरून निघतो. रूपांतर अटळ असेल तेव्हा सगळी मापे एकाच कडेपासून मिलिमीटरमध्ये बेरीज करून घ्यावीत आणि प्रत्येक खुणेचे रूपांतर अगदी शेवटी, एकदाच करावे. आधी एकेका तुकड्याचे सूत करून मग ते सूत जोडत गेले, तर प्रत्येक तुकड्याची लहान चूक पुढच्या तुकड्यावर चढत जाते.

प्रश्न : अर्ध्या इंची गॅल्वनाइज्ड नळीचा बाहेरचा व्यास मी मोजला, तो २१ मिमीच्या वर भरला. अर्धा इंच तर १२.७ मिमी असतो. नळी चुकीची मिळाली का? (फोंडा, गोवा)

उत्तर : नळी बरोबर आहे. ‘अर्धा इंच’ हे त्या नळीचे नाव आहे. जुन्या काळी ते आतल्या पोकळीच्या अंदाजावरून पडले आणि पुढे जाडी बदलली तरी टिकून राहिले. त्याच नळीला मेट्रिक पद्धतीत १५ मिमी म्हणतात, आणि तेही नावच आहे, कारण तिचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मिमी असतो. तिच्या टोकावरचे बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) आटे इंचाला १४ असतात, आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी असतो आणि कोन ५५ अंशांचा असतो. यातील एकही आकडा १२.७ नाही आणि १५ ही नाही.

प्लास्टिकच्या शेतीच्या पाइपला वेगळा नियम लागतो. त्याचे मेट्रिक माप बाहेरच्या व्यासाचे असते. शेतकरी ज्याला दोन इंची म्हणतो तो ६३ मिमीचा पाइप, अडीच इंची तो ७५ चा आणि तीन इंची तो ९० चा. ६३ ला २५.४ ने भागले तर २.४८ येतात, त्यामुळे हिशेबावर विसंबून दुकानदाराकडे ‘अडीच इंची’ पाइप मागितला, तर ६३ ऐवजी ७५ मिमीचा पाइप घरी येईल. पाइप आणि जोड घेताना मिलिमीटरचा छापील आकडा सांगावा.

प्रश्न : घराच्या बांधकामात गवंडी ‘चार सुती’ सळई म्हणतो आणि इंजिनिअरच्या ड्रॉइंगमध्ये १२ मिमी लिहिले आहे. दोन्ही एकच का? (लातूर)

उत्तर : आजच्या बाजारात चार सुती म्हटल्यावर १२ मिमीचीच सळई मिळते, तीन सुती म्हटल्यावर १० मिमीची, पाच सुती म्हटल्यावर १६ ची आणि सहा सुती म्हटल्यावर २० ची. ही जुन्या मापांची नावे नव्या सळयांना चिकटली आहेत. मापाने पाहिले तर चार सूत १२.७ मिमी आणि तीन सूत ९.५२५ मिमी होतात, म्हणजे एके ठिकाणी सळई नावापेक्षा बारीक आहे आणि दुसरीकडे नावापेक्षा जाड.

नवीन बांधकामात याने काही बिघडत नाही, कारण इंजिनिअरने हिशेब १२ मिमीवरच केलेला असतो. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत मात्र सावध राहावे. इंचाच्या काळातील ड्रॉइंगमध्ये अर्धा इंच लिहिले असेल, तर त्या सळईचे छेदक्षेत्र १२६.७ चौरस मिमी होते आणि आजच्या १२ मिमीच्या सळईचे ११३.१ चौरस मिमी आहे. हे सुमारे ११ टक्क्यांनी कमी पोलाद झाले. अशा ठिकाणी किती सळया वाढवायच्या हे इंजिनिअरला विचारूनच ठरवावे.

सळई खरोखर १२ मिमीची आहे का हे पाहायचे असेल, तर पिळाच्या उंचवट्यांमुळे व्हर्निअरने नीट कळत नाही. वजन करावे. व्यासाच्या मिलिमीटरमधील वर्गाला १६२ ने भागले की एक मीटर सळईचे किलोमधील वजन मिळते. १२ चा वर्ग १४४, म्हणून वजन सुमारे ०.८९ किलो, आणि बारा मीटरच्या पूर्ण सळईचे साधारण १०.७ किलो.

प्रश्न : माझा लेथ जुना, इंची लीड स्क्रूचा (आटे पाडताना टूल पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूचा) आहे, स्क्रूला इंचाला ४ आटे आहेत. १.५ मिमी पिचचे, म्हणजे लगतच्या आट्यांत १.५ मिमी अंतर असलेले, आटे पाडायची कामे येतात. १२७ दातांचा गिअर नाही. काही लोक इंचाला १७ आट्यांवर गिअर लावून काम भागवतात. ते बरोबर आहे का? (कोल्हापूर, उद्यमनगर)

उत्तर : आधी १२७ हा आकडा कोठून आला ते पाहू, म्हणजे पुढचे आपोआप उलगडेल. २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. १२७ ही मूळ संख्या आहे, तिला कशानेही भाग जात नाही, त्यामुळे इंची स्क्रूवरून अचूक मिलिमीटर काढायचे असतील तर साखळीत कोठे तरी १२७ दात, किंवा त्यांची पट, असावीच लागते. सूत्र असे : हवे असलेले पिच मिलिमीटरमध्ये घ्यावे, त्याला लीड स्क्रूच्या इंचातील आट्यांनी गुणावे, पुन्हा ५ ने गुणावे आणि १२७ ने भागावे. आपल्या बाबतीत १.५ गुणिले ४ गुणिले ५ म्हणजे ३०, आणि त्याखाली १२७. ड्रायव्हर (फिरवणारा गिअर) ३० दातांचा आणि ड्रिव्हन (फिरवला जाणारा गिअर) १२७ दातांचा लावला की पिच बरोबर १.५ मिमी पडते. पडताळून पाहा : स्क्रूचे पिच ६.३५ मिमी आहे, त्याला ३० ने गुणून १२७ ने भागले की १.५ येतात, एक कणही कमी-जास्त नाही.

१२७ चा गिअर नसेल किंवा कव्हरमध्ये मावत नसेल, तर ६३ दातांच्या गिअरने फार चांगले काम होते. ड्रायव्हर ६३ आणि ३०, ड्रिव्हन ८० आणि १००, अशी जोडणी केली तर गुणोत्तर ०.२३६२५ येते आणि पिच १.५००१९ मिमी पडते. दहा हजारात सव्वा भाग एवढीच चूक आहे. १०० मिमी लांबीच्या आट्यांवर ती जेमतेम बारा-तेरा मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) होते, आणि नटाच्या तेरा मिमी जाडीत ती दोन मायक्रॉनही भरत नाही. बोल्ट, स्टड आणि चेक नट यांना ती कधीही आड येणार नाही. एक मीटर लांबीचा यंत्राचा स्क्रू पाडायचा असेल तर मात्र चूक ०.१२५ मिमी होते आणि तेथे १२७ चाच गिअर हवा.

१७ आट्यांची युक्ती मी सुचवणार नाही. २५.४ ला १७ ने भागले की १.४९४ येतात. एका आट्यात फरक सहा मायक्रॉनचा दिसतो, पण बारा आट्यांत तो ०.०७ मिमी होतो. पातळ नट चढतो, खोल भोकात जाणारा स्टड मध्येच धरतो, मग कारागीर आटे अधिक खोल कापून बोल्ट सैल करतो. असा बोल्ट चढतो खरा, पण त्याचा सगळा भार एक-दोन आट्यांवरच पडतो.

आणखी एक गोष्ट या कामात फार महत्त्वाची आहे. इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडताना पहिल्या कटापासून शेवटच्या कटापर्यंत हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा नट) उघडू नये. थ्रेड डायल इंच मोजण्यासाठी बनवलेली असते. तिच्या खुणेवर हाफ नट पुन्हा बंद केला तरी टूल आधीच्या खाचेत पडेलच असे नाही. प्रत्येक कटानंतर टूल मागे घ्यावे, यंत्र उलटे फिरवून कॅरेज सुरुवातीला आणावे आणि तेथून पुढचा कट द्यावा. यात वेळ जातो, पण शेवटच्या कटाला फुकट गेलेला जॉब त्याहून महाग पडतो.

प्रश्न : ड्रॉइंगमध्ये शाफ्ट २५ मिमी, लहान एच ७ असा दिला आहे. आमच्याकडे चांगला मायक्रोमीटर इंचाचा आहे. मर्यादांचे रूपांतर कसे करावे? (भोसरी)

उत्तर : २५ मिमीच्या शाफ्टला लहान एच ७ (h7, मापाच्या मर्यादांची खूण) म्हणजे वरची मर्यादा २५.००० आणि खालची २४.९७९ मिमी. २५.४ ने भागल्यावर वरची ०.९८४२५२ इंच येते आणि खालची ०.९८३४२५ इंच. आता दशांशाची शेपटी कोठे तोडायची हा खरा प्रश्न आहे. शाळेत शिकवलेला जवळच्या आकड्याचा नियम येथे चालत नाही. खालची मर्यादा त्या नियमाने ०.९८३४ होते, आणि ते २४.९७८३६ मिमी भरतात, म्हणजे ड्रॉइंगने जे नाकारले आहे ते आपण मान्य करतो. मर्यादा नेहमी आतल्या बाजूस आणाव्यात : खालची वर उचलून ०.९८३५ करावी आणि वरची खाली उतरवून ०.९८४२ ठेवावी. टॉलरन्स (दोन मर्यादांमधील सूट) थोडा आवळला जातो, पण कोणताही जॉब ड्रॉइंगबाहेर जात नाही.

हा हिशेब केल्यावर एक अडचण उघडी पडते. साध्या इंची मायक्रोमीटरच्या स्क्रूला इंचाला ४० आटे असतात आणि थिंबलवर २५ भाग असतात, त्यामुळे तो इंचाचा हजारावा भाग, ज्याला कारखान्यात ‘थाऊ’ म्हणतात, तेवढाच वाचतो. एक थाऊ म्हणजे २५.४ मायक्रॉन. आपला सगळा टॉलरन्सच २१ मायक्रॉनचा आहे, म्हणजे एका थाऊपेक्षा कमी. थाऊच्या खुणांपैकी फक्त ०.९८४, म्हणजे २४.९९३६ मिमी, ही एकच खूण या मर्यादांमध्ये बसते. स्लीव्हवर दहा हजाराव्या भागाचा व्हर्निअर असलेला मायक्रोमीटर असेल तर त्यावर काम करावे. नसेल तर शंभरांश मिलिमीटर वाचणारा मेट्रिक मायक्रोमीटर घ्यावा, त्यावर २४.९८, २४.९९ आणि २५.०० अशा तीन खुणा आत पडतात. या जॉबसाठी माझा सल्ला मेट्रिक मायक्रोमीटर घेण्याचाच आहे.

लेथवरून नुकताच उतरवलेला गरम शाफ्ट मोजू नये, हेही सांगायला हवे. पोलादाचा एक मीटर एका अंश सेल्सिअसला सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतो. मायक्रोमीटरपेक्षा तीस अंशांनी गरम असलेला २५ मिमीचा शाफ्ट साधारण ९ मायक्रॉनने जाड दिसतो, आणि हा जवळजवळ अर्धा टॉलरन्स झाला. मोजमापाचे ठरलेले तापमान २० अंश आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते साधणे कठीण असले, तरी जॉब आणि मायक्रोमीटर निदान सारख्या तापमानाला येऊ द्यावेत.

‘पंचवीस म्हणजे एक इंच’ असे धरण्याचा मोह अशा कामात कायम असतो. ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगच्या शेवटच्या ०५ ला ५ ने गुणले की आतील व्यास मिळतो, २५ मिमी. एक इंची शाफ्ट त्यात जात नाही, कारण तो ०.४ मिमीने जाड असतो; व्यासात तेवढा उतरवण्यासाठी टूल ०.२ मिमी आत द्यावे लागते. हीच चूक मी माझ्या उमेदवारीच्या काळात भोकांच्या बाबतीत केली होती. एका पट्टीवर २५ मिमी अंतराने बारा भोके पाडायची होती आणि यंत्राच्या टेबलाचे हँडल इंचाचे होते. मी दर भोकाला एक इंच सरकत गेलो. पहिली दोन-तीन भोके बोल्टांनी सांभाळून घेतली; बारावे भोक अकरा अंतरांच्या ०.४ मिमीने, म्हणजे ४.४ मिमीने पुढे गेले होते. ती पट्टी भंगारात गेली, आणि ती भंगाराच्या ढिगावर पडलेली अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

प्रश्न : अमेरिकेतील ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये ०.२५० इंच, अधिक-उणे ०.००५ असे आहे. आम्ही ६.४ मिमी अधिक-उणे ०.१ असे करून काम घेतले तर चालेल का? (चाकण)

उत्तर : चालणार नाही. ०.२५० इंच बरोबर ६.३५ मिमी होतात आणि मर्यादा ६.२२३ ते ६.४७७ मिमी पडतात. आपल्या आकड्यांनी वरची मर्यादा ६.५ मिमी होते, म्हणजे नाकारले जाणारे जॉब आपण स्वतःच पास कराल. वर सांगितल्याप्रमाणे आत आणून ६.२३ ते ६.४७ असे लिहावे. ०.२५० मधील शेवटचे शून्यही वाया घालवू नये. इंची ड्रॉइंगमध्ये दशांशानंतर किती अंक लिहिले आहेत यावरून अनेकदा टॉलरन्स ठरतो आणि त्याचा तक्ता शीर्षकाच्या चौकटीत दिलेला असतो. १.५ आणि १.५०० ही किंमत एकच असली, तरी ती सूचना एकच नसते.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या अवजारांची दुरुस्ती करतो. काही नट दोन-तीन आटे हाताने चढतात आणि मग घट्ट होतात. पान्यांचाही गोंधळ होतो. (बारामती)

उत्तर : बहुधा इंची बोल्टावर मेट्रिक नट चढवला जात आहे. ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिमीचा असतो, त्यामुळे एम ८ च्या (८ मिमीच्या मेट्रिक) नटात त्याचे तोंड सहज शिरते. त्याचे पिच मात्र १.४१ मिमी आणि नटाचे १.२५ मिमी, त्यामुळे चौथ्या आट्यापर्यंत अर्ध्या पिचाहून जास्त फरक पडून नट अडकतो. येथे पाना लावून जोर करू नये. अडकणारा नट निदान इशारा तरी देतो. ३/८ इंची बोल्ट आणि एम १० चा नट ही जोडी जास्त धोक्याची आहे. पिच १.५८७५ आणि १.५, म्हणजे जवळजवळ सारखे; बोल्ट मात्र ९.५२५ मिमीचा, नटापेक्षा जवळपास अर्ध्या मिमीने बारीक. बरेच आटे सहज चढतात, दातांची पकड उथळ राहते आणि भार आला की आटे सोलून निघतात. फाळ किंवा पाते धरणाऱ्या बोल्टांच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते. व्यास मोजून समाधान मानू नये. पिच गेज लावून आटे पाहावेत.

पान्यांपैकी १९ मिमी आणि ३/४ इंच निःशंकपणे एकमेकांच्या जागी चालतात, कारण फरक ०.०५ मिमीचा आहे. ८ मिमी आणि ५/१६ हेही तसेच. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १३ मिमीचा पाना ०.३ मिमी सैल बसतो, आणि गंजलेल्या बोल्टावर तेवढ्यानेच डोके गोल होते. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या पान्यांवरचा आकडा तर बोल्टाच्या जाडीचा असतो, पान्याच्या जबड्याचा नसतो. तो पाना लावून पाहूनच निवडावा.

प्रश्न : एका जुन्या पुस्तकात मीटरचे ३९.३७ इंच दिले आहेत, दुसऱ्यात इंच २५.३९९९८ मिमी आहे आणि आमचे निदेशक बरोबर २५.४ सांगतात. खरे कोणते? (आयटीआयचा विद्यार्थी, सातारा)

उत्तर : आज बरोबर २५.४, आणि हा मोजून काढलेला आकडा नाही, तो ठरवून घेतलेला आहे. अमेरिकेने १८९३ मध्ये मीटरचे ३९.३७ इंच धरले होते, त्यावरून इंच २५.४०००५ मिमीचा झाला. ब्रिटनचा इंच त्यांच्या प्रमाण यार्डावरून येई आणि तो २५.३९९९८ च्या आसपास होता. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी गेज ब्लॉक (मापे तपासण्याचे अचूक ठोकळे) बनवताना या दोहोंच्या मधला, सुटसुटीत २५.४ हा आकडा धरला, आणि त्यांचे ब्लॉक कारखान्याकारखान्यांत गेल्यामुळे कामगारांच्या हातातला इंच तोच झाला. ब्रिटनच्या मानक संस्थेने १९३० मध्ये आणि अमेरिकेच्या संस्थेने १९३३ मध्ये उद्योगासाठी तो स्वीकारला. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी यार्ड ०.९१४४ मीटर ठरवला, आणि त्याचा छत्तिसावा भाग २५.४ मिमी होतो. जुन्या अमेरिकी आकड्याने एका मीटरवर केवळ दोन मायक्रॉनचा फरक पडतो, त्यामुळे आपल्या जॉबवर त्याचा परिणाम दिसणार नाही. परीक्षेत मात्र २५.४ लिहावे.

प्रश्न : यंत्रावरची चेन बदलायची आहे. एका कडीचे अंतर कधी १२.५, कधी १३ मिमी भरते. कोणती चेन मागावी? (इचलकरंजी)

उत्तर : रोलर चेनचे पिच मेट्रिक देशांतही इंचातच राहिले आहे. नेहमीची पिचे ३/८, १/२ आणि ५/८ इंच, म्हणजे तीन, चार आणि पाच सूत, मिलिमीटरमध्ये ९.५२५, १२.७ आणि १५.८७५. तेव्हा आपली चेन अर्ध्या इंचाची आहे, १२.५ मिमीची चेन मागू नये. एका कडीवर माप घेतले की पट्टी कोठे धरली यावर उत्तर बदलते. चेन ताणून चोवीस पिचे मोजावीत. नव्या अर्ध्या इंची चेनची चोवीस पिचे बरोबर एक फूट, ३०४.८ मिमी भरतात. माप एका पिनच्या कडेपासून पंचविसाव्या पिनच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत घ्यावे. ते ३०६ मिमीच्या पुढे गेले असेल तर चेनच्या पिना आणि बुश झिजले आहेत, आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूला हुकासारखे वाकलेले दिसत असतील तर चेनबरोबर स्प्रॉकेटही बदलावे, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन फार दिवस टिकत नाही.